शोरूममध्ये साडेचारशे, समृद्धीवर दोनशे: इलेक्ट्रिक गाडीच्या रेंजचा हिशोब

मावसभावाचा फोन आला तो थेट तक्रार घेऊनच. "दादा, शोरूममध्ये एका चार्जला साडेचारशे किलोमीटर सांगितलं होतं. ठाण्यात चार महिने फिरवली, तक्रार नव्हती. परवा समृद्धीवर घातली आणि दोनशेच्या आतच काटा तळाला! बॅटरी खराब आहे की मला फसवलं?"

मी विचारलं, "किती स्पीडनं गेलास?"

"एकशेवीस. लिमिटमध्येच."

बॅटरी ठणठणीत होती आणि त्याला कुणी फसवलंही नव्हतं. फक्त त्याला सांगितलेला आकडा एका प्रकारच्या प्रवासाचा होता आणि त्यानं केलेला प्रवास दुसऱ्याच प्रकारचा. हा प्रश्न आता बऱ्याच घरांत निघणार आहे. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी जाहीर झाली, आणि आजवर ऑफिस-बाजार करणाऱ्या गाड्या लांब पल्ल्याला निघाल्या. निघण्याआधी पाचवीच्या गणिताइतका हिशोब येत असला की पुरतं.

युनिट म्हणजे घरच्या बिलातलंच युनिट

बॅटरीचा आकार किलोवॉट-अवरमध्ये सांगतात. घाबरू नका, वीजबिलावर ज्याला 'युनिट' म्हणतात तेच हे. ४५ किलोवॉट-अवरची बॅटरी म्हणजे ४५ युनिट मावणारी टाकी. नुसता 'किलोवॉट' मात्र वेगळा, तो नळाच्या धारेचा जोर. एक किलोवॉटची धार तासभर सोडली की टाकीत एक युनिट पडतं. यापुढे मी युनिट आणि किलोवॉट एवढेच दोन शब्द वापरणार आहे.

आता गंमत बघा. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. म्हणजे गाडीच्या तळाशी एवढी मोठी दिसणारी, काही क्विंटल वजनाची ती ४५ युनिटची बॅटरी म्हणजे पाच लिटरचा पेट्रोलचा कॅन! पाच लिटरवर पेट्रोलची गाडी ७५-८० किलोमीटर जाईल. इलेक्ट्रिक गाडी तेवढ्यात अडीचशे जाते, कारण पेट्रोलच्या इंजिनात जवळपास तीन-चतुर्थांश ऊर्जा उष्णता होऊन सायलेन्सर आणि रेडिएटरमधून निघून जाते. मोटर तसं करत नाही.

म्हणजे इलेक्ट्रिक गाडी हा काटकसरी गृहस्थ आहे, पण त्याचा खिसा लहान आहे. श्रीमंताघरी शंभर रुपये इकडे-तिकडे झाले तर कळत नाही, इथे दहा रुपये गेले की लगेच जाणवतात. रेंजविषयीच्या निम्म्या तक्रारींचं मूळ हेच आहे.

साडेचारशेचा आकडा येतो कुठून?

पुण्यात आम्ही जिला एआरएआयची टेकडी म्हणतो, ती ज्या संस्थेमुळे, ती ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया म्हणजे एआरएआय. सकाळी टेकडीवर फिरायला जाणाऱ्या कित्येकांना आत काय चालतं ते ठाऊक नसतं. इतर कामांबरोबर तिथे गाड्यांच्या अ‍ॅव्हरेजच्या चाचण्याही होतात. गाडी रोलरवर चढवतात. चाकं फिरतात, गाडी जागची हलत नाही. हवेचा आणि रस्त्याचा अडथळा रोलरवर हिशोबानं लादतात आणि ठरलेल्या तक्त्याप्रमाणे वेग कमी-जास्त करतात.

तो तक्ता कसा आहे? साधारण २० मिनिटांत जेमतेम साडेदहा किलोमीटर, म्हणजे सरासरी वेग ताशी ३२-३३ किलोमीटर. कमाल वेग ९०, तोही शेवटी थोडा वेळ. एसी बंद. हा शहरातला शहाण्या माणसाचा प्रवास झाला. चाचणीत खोट काही नाही, सगळ्या गाड्यांना एकच तक्ता असल्यानं दोन गाड्यांची तुलना करायला तो उत्तमच आहे. फक्त तुम्ही १२० नं, एसी लावून, चार माणसं आणि डिकी भरून निघालात की त्या तक्त्याशी तुमचा संबंध संपला.

कंपन्यांनाही हे कळतं. टाटा नेक्सॉनच्या ४५ युनिटच्या मॉडेलची चाचणीतली रेंज ४८९ किलोमीटर आहे. पण कंपनी त्याच्या शेजारी 'सी७५' नावाचा स्वतःचा आकडाही देते, साधारण ३५० ते ३७०, म्हणजे बहुतेक ग्राहकांना रोजच्या वापरात मिळेल तो. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. पण तो आकडाही शहर आणि हायवे मिळून काढलेला आहे. नुसत्या हायवेचा हिशोब आपला आपणच करावा लागतो.

एसटीच्या खिडकीतला हात

लहानपणी एसटीत 'शरीराचा कोणताही भाग खिडकीबाहेर काढू नये' या पाटीखालीच बसून आपण हात बाहेर काढलेला असतो. गावातून जाताना हाताला वारा नुसता गुदगुल्या करतो. घाट संपून गाडीनं वेग घेतला की तोच वारा तळहात मागे फेकतो. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो.

गाडी म्हणजे तसा एक भला मोठा तळहात. ८० चा वेग १२० केला, म्हणजे दीडपट, की हवेचा अडथळा सव्वादोनपट होतो. टायरचं रस्त्याशी घर्षण मात्र वेगानं फारसं वाढत नाही, एसीही साधारण तेवढाच खातो. या सगळ्याची बेरीज करून मध्यम आकाराच्या, थोड्या उंच गाडीसाठी मी काढलेले ढोबळ आकडे असे: ८० च्या वेगानं १०० किलोमीटरला १५ युनिट, १०० नं १९, आणि १२० नं २४.

४५ ला त्यानं भागून बघा. ८० नं ३००, १०० नं साधारण २३५, १२० नं जेमतेम १८५ किलोमीटर. गाडी तीच, बॅटरी तीच, रस्ताही तोच. मावसभावाचं 'दोनशेच्या आत' आलं की नाही हिशोबात?

इथे नेहमीचा प्रश्न येतो: पेट्रोलची गाडी तर हायवेला जास्त अ‍ॅव्हरेज देते, मग हिचंच उलटं का? हवा पेट्रोलच्या गाडीलाही तेवढीच अडवते. पण शहरात सिग्नलला घरघरत उभं राहणारं, अर्ध्या ताकदीवर चालणारं इंजिन इतकं उधळं असतं, की हायवेवर त्याचं काम सुधारतं आणि हवेचं नुकसान त्या सुधारणेत झाकलं जातं. मोटर शहरातही नीटच काम करत होती. तिला हायवेवर सुधारायला जागाच नाही, त्यामुळे हवेचा सगळा भार उघडा पडतो. वर पेट्रोलवाल्याची ब्रेक मारताना वाया जाणारी ऊर्जा इलेक्ट्रिक गाडी शहरात परत मिळवत असते. हायवेवर ब्रेकच कमी, मग मिळवायचं काय?

छतावरचं कॅरिअर आणि उघड्या काचा याही याच खात्यात जमा. हायवेला एसी वाचवायला काचा खाली करणं हा तोट्याचा सौदा आहे.

मुंबई ते नागपूर: घाई करून काय मिळालं?

समृद्धी ७०१ किलोमीटर. सपाटीवर कारसाठी १२० ची मर्यादा. आता वरच्या आकड्यांवर तीन प्रवास करून बघू. घरून १०० टक्के भरून निघायचं, १० टक्क्यांवर आली की थांबायचं, ८० टक्के झाली की निघायचं. (८० च का, ते पुढे सांगतो.) म्हणजे सुरुवातीला साधारण ४० युनिट हाताशी, आणि दर थांब्याला साडेएकतीस. चार्जर ६० किलोवॉटचा धरला आणि गाडीनं त्यातून सरासरी ४० किलोवॉट घेतले, तर एक थांबा पाऊण तासाचा. गन (चार्जरच्या वायरचं गाडीत खोचायचं टोक) लावणं, अ‍ॅप उघडणं, ओटीपी येणं धरून तासभरच म्हणा.

१२० नं गेलात तर रस्त्यावरचा वेळ ५ तास ५० मिनिटं. लागणारी वीज १६८ युनिट. थांबे चार. एकूण सुमारे ९ तास ५० मिनिटं.

१०० नं गेलात तर रस्त्यावर ७ तास, वीज १३३ युनिट, थांबे तीन. एकूण १० तास.

९० नं गेलात तर रस्त्यावर पावणेआठ तासांच्या आसपास, वीज ११९ युनिट, थांबे अडीच म्हणजे दोन पूर्ण आणि एक चहापुरता. एकूण सव्वादहा.

वेगात ३० किलोमीटरचा फरक, आणि पोचायच्या वेळेत पंचवीस मिनिटांचा! १२० आणि १०० मध्ये तर दहाच मिनिटं. जे रस्त्यावर कमावलं ते चार्जरपाशी उभं राहून गमावलं. पैशाचं वेगळंच. बाहेरच्या फास्ट चार्जरला युनिटमागे २० रुपये धरले, तर दहा मिनिटांसाठी ३५ युनिट म्हणजे ७०० रुपये. शिवाय १२० नं जाताना दर १३० किलोमीटरला चालू आणि रिकामा चार्जर सापडलाच पाहिजे. १०० नं ती सक्ती १६५ वर जाते, आणि हीच खरी कमाई आहे, कारण लांबच्या प्रवासात गैरसोय करतो तो नसलेला चार्जर. राज्याच्या त्याच ईव्ही धोरणात महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचं उद्दिष्ट आहे. ते पुरं होईपर्यंत शंभर नंबरी सल्ला म्हणजे वेगाचा काटा शंभरच्या खाली ठेवा.

मोठी बॅटरी आणि दांडगा चार्जर असेल तर हे गणित बदलतं. महिंद्राच्या बीई ६ सारख्या गाडीत ७९ युनिटपर्यंतची बॅटरी येते आणि ती १७५ किलोवॉटच्या आसपास वीज ओढू शकते. तिला या प्रवासात एक जेवणाचा आणि एक छोटा थांबा पुरावा. पण त्यासाठी समोरचा चार्जरही तेवढ्या ताकदीचा हवा. ६० च्या चार्जरला लावली तर तिलाही साठच.

ऐंशी टक्क्यांनंतर गाडी का रेंगाळते?

पुन्हा एसटीत चला. स्टँडवर रिकामी गाडी लागली की पहिले वीस जण धडाधड चढतात आणि दिसेल त्या खिडकीत बसतात. मग सीट शोधावी लागते, 'सरका जरा' म्हणावं लागतं. शेवटच्या दहा जणांना चढवायला कंडक्टर 'पुढे सरका, मागे जागा आहे' असं ओरडत असतो आणि गाडी दारातच अडलेली असते.

बॅटरीत लिथियमचे कण असेच आत शिरून जागा धरतात. रिकामी असताना भराभर, भरत आली की एकेकाला वाट काढावी लागते. तेव्हाही जोर लावला तर कण आत न शिरता दारातच साचतात, धातूचा थर धरतात आणि बॅटरीचं कायमचं नुकसान होतं. म्हणून गाडीच चार्जरला सांगते, 'धार बारीक कर'. कित्येक गाड्यांत ८० ते १०० ला जवळपास तेवढाच वेळ लागतो, जेवढा १० ते ८० ला.

म्हणूनच फूड मॉलच्या एकुलत्या एक चार्जरला गाडी लावून, शंभर टक्के होईपर्यंत आत मिसळ खात बसणारा माणूस मला सहन होत नाही. मागे तीन गाड्या उभ्या असतात आणि हा ९१ चे ९२ होण्याची वाट बघतो. (पुढचा चार्जर खरंच लांब असेल तर शंभर करा, ते मान्य. दोनदा विचार करून करा.)

चार्जरवर ६० लिहिलं म्हणून ६० मिळतीलच असंही नाही. बऱ्याच ठिकाणी एका खांबाला दोन गन असतात. दुसरी गाडी लागली की दोघांना तीस-तीस. आणि तुमची गाडीच २५-३० किलोवॉटपेक्षा जास्त घेत नसेल तर समोर २४० चा राक्षस उभा असला तरी उपयोग नाही. बॅटरी फार तापली तरी धार कमी होते. मे महिन्यात विदर्भात दुपारी दोनला १२० नं दौडत येऊन गन लावली की हा अनुभव हमखास. थंडीतही तसंच होतं, पण ती चिंता टोरांटोला राहणाऱ्या भाचीनं करावी, अमरावतीच्या माणसानं नव्हे.

कुंभार्ली घाट आणि कोयनेचं पाणी

आमचं गाव चिपळूणच्या पुढे, गुहागरच्या वाटेवर. पुण्याहून कऱ्हाड, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरायचा. पहिल्यांदा गाडी नेली तेव्हा हेळवाकला बॅटरी ४४ टक्के होती. घाटात मी अ‍ॅक्सिलरेटरला पायच लावला नाही, ब्रेकलाही फारसा नाही. खाली पोफळीला आलो तेव्हा आकडा ४६. बायको म्हणाली, "वाढली कशी?" मुलानं फोटो काढला.

याचं उत्तर पोफळीतच आहे. कोयना धरणाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून, याच कड्याच्या उंचीवरून खाली येतं आणि पोफळीच्या भूमिगत वीजघरात टर्बाइन फिरवतं. उंचावरचं वजन खाली येताना वीज देतं. माझी गाडीही तेच करत होती. माणसं-सामान धरून एकोणीसशे किलोचं वजन साधारण पाचशे मीटर खाली आलं. उतारावर मोटर उलट्या भूमिकेत जाते, चाकं तिला फिरवतात आणि ती वीज बनवून बॅटरीत ढकलते. याला रीजनरेटिव्ह ब्रेकिंग म्हणतात, सगळे 'रीजेन' म्हणतात.

पण आनंदानं फुगून जाऊ नका. तेवढं वजन तेवढं चढवायला मुळात अडीच-पावणेतीन युनिट लागतात, आणि मोटरची तूट धरून तीन. उतरताना त्यातलं साधारण दोनच कामी येतं, त्यातलंही काही टायरच्या घर्षणात जातं. येताना घाटानं दोन टक्के दिले, परतीला ते व्याजासकट वसूल केले. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच असल्यानं मुंबईहून पुण्याला येणं महाग पडतं आणि पुण्याहून मुंबईला जाणं स्वस्त. पुणेकर यातून काय तो अर्थ काढतील.

घाटात आणखी एक गोष्ट दगा देते. डॅशबोर्डवर 'इतके किलोमीटर जाईल' असा जो आकडा दिसतो, तो गाडी नुकतीच कशी चालली त्यावरून काढलेला अंदाज असतो. दिवाळीच्या आठवड्यातला खर्च बघून वर्षाचं बजेट मांडावं तसा. खंडाळ्याचा चढ चढताना तो धपाधप उतरतो आणि नवखा माणूस घामाघूम होतो. घाट उतरल्यावर तो अवाच्या सवा दाखवतो आणि नवखा माणूस निर्धास्त होतो. दुसरी चूक जास्त महाग पडते. टक्के बघा, आणि आपल्या वेगाला शंभर किलोमीटरला किती युनिट लागतात ते बघा. ते बहुतेक गाड्यांत दिसतं.

"चार्जर बंद निघाला तर?"

निघतो. त्याच प्रवासात निघाला. आदल्या रात्री मी गाडी चार्जिंगला लावायला विसरलो होतो, ७७ टक्क्यांवर पुणं सोडलं. सातारा मागे टाकून नागठाण्याच्या आसपास ठरवलेल्या ढाब्यावर पोचलो तेव्हा २२ टक्के. चार्जरचा पडदा काळा. ढाबेवाला म्हणाला, "सकाळपासून लाइट नाही साहेब, आम्ही जनरेटरवर आहे." फ्रिजचा दरवाजा दोरीनं बांधून ठेवला होता.

पुढचा चार्जर कऱ्हाडला, ३१ किलोमीटर. २२ टक्के म्हणजे माझ्याकडे दहा युनिट. १०० नं गेलो तर सहा लागणार, पोचणार नऊ टक्क्यांवर. आणि तोही बंद असला तर? मी डाव्या लेनला ६० धरलं. ६० ला शंभर किलोमीटरला जेमतेम ११ युनिट लागतात. उसाचे ट्रॅक्टर सोडले तर सगळ्यांनी मला मागे टाकलं. कऱ्हाडला पोचलो तेव्हा १५ टक्के शिल्लक. सात टक्क्यांत एकतीस किलोमीटर! पेट्रोलच्या गाडीत रिझर्व्ह लागल्यावर असा हुकमाचा पत्ता हातात नसतो. इथे वेग कमी केला की रेंज डोळ्यांदेखत ताणली जाते.

त्या दिवसापासून माझा नियम असा: चार्जरला २० टक्के शिल्लक असतानाच पोचायचं, आणि तिथून आणखी एका चार्जरपर्यंत जाता येईल एवढी वीज राखायची. अ‍ॅपवर नुसती हिरवी खूण बघू नये, त्या चार्जरला शेवटची गाडी कधी लागली ते बघावं. सकाळीच कुणी चार्ज करून गेलं असेल तर बरा.

"आणि ट्रॅफिकमध्ये अडकलो तर?"

गणपतीत माणगावला तीन तास गाडी जागेवर उभी आहे, एसी चालू आहे, बॅटरी संपणार का? ही सगळ्यात जास्त विचारली जाणारी आणि सगळ्यात निराधार भीती. उभ्या गाडीत मोटर काही खात नाही. एसी दीड किलोवॉट धरा, तीन तासांत साडेचार युनिट. ४५ मधले साडेचार, म्हणजे दहा टक्के. मुंग्यांच्या गतीनं सरकणाऱ्या रांगेत इलेक्ट्रिक गाडीइतकी सुखाची गाडी नाही. तुम्हाला रडवणार आहे तो मोकळा रस्ता.

"पेट्रोल पाच मिनिटांत भरतं हो"

भरतं. नागपूरला पेट्रोलनं गेलात तर जेवणासकट आठ तासांत पोचाल, लहान बॅटरीच्या इलेक्ट्रिकनं दहा. हे दोन तास लपवण्यात अर्थ नाही. घरात आजी-आजोबा आणि लहान मूल असेल तर इतके थांबे तसेही होतात, एकटा गाडी हाकणारा असेल तर खुपतात. महिन्यातून चारदा सातशे किलोमीटर जाणाऱ्या माणसाला मी ४५ युनिटची गाडी घे म्हणणार नाही. रोज पन्नास किलोमीटर आणि वर्षातून तीनदा गाव, अशा माणसाला बिनदिक्कत म्हणेन.

फास्ट चार्जिंगनं बॅटरी बाद होते का, हेही लोक विचारतात. रोज उन्हात तेच केलं तर झीज वाढते. वर्षातून दहा-बारा वेळा केलं तर त्याची चिंता नको, 'धार बारीक कर' म्हणायला गाडी स्वतः आहेच.

गावच्या घरी पोचल्यावर

सगळ्यात स्वस्त चार्जर काकूंच्या ओटीवर होता. एसी-गीझरसाठी असतो तसा साधा १५ अँपिअरचा सॉकेट. त्यातून तीन किलोवॉट मिळतात. रात्री दहाला लावली तर सकाळी सातपर्यंत २७ युनिट, थोडी तूट धरून बॅटरीत निम्म्याहून जास्त भर.

पण पहिल्या रात्री चार्जरवर लाल दिवा लागला आणि तसाच राहिला. घराला अर्थिंगच नव्हतं! कौलारू घराचं चाळीस वर्षांपूर्वीचं वायरिंग, तिसरी वायर कुठे जात होती ते वायरमनलाच माहीत. इलेक्ट्रिक गाडी अर्थिंग नसेल तर चार्ज व्हायला सपशेल नकार देते, आणि ते बरंच आहे. दुसऱ्या दिवशी चुलतभावानं विहिरीजवळ ओलसर जागेत खड्डा खणला, कोळसा-मीठ टाकून अर्थिंग केलं, आणि संध्याकाळी हिरवा दिवा लागला. गावी न्यायची असेल तर निघण्याच्या आठवडाभर आधी हा एक फोन करा. आणि तासाभरानं प्लगला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर सॉकेट बदला. एक्स्टेंशन बोर्डाचं तर नावच काढू नका.

निघताना विजेचे म्हणून काकूंच्या हातात पाचशेची नोट ठेवली. त्यांनी ती मुलाच्या खिशात कोंबली आणि चुलतभावाला सांगून डिकीत सोललेले पंचवीस नारळ टाकले, वर फणसाचे दोन नग. कुंभार्ली चढायचा होता. त्या वजनाचा हिशोब मी केला नाही.